वाकलेली पिन, चुकलेला पिन

'पिन वाकली' आणि 'पिन चुकला'. पहिलं वाक्य ऐकताच डोळ्यांसमोर तारेचा तुकडा येतो, दुसरं ऐकताच एटीएमचा पडदा. शब्द एकच, उच्चार एकच, तरी मराठी कानाचा गोंधळ होत नाही, कारण एक पिन आपण स्त्रीलिंगी केली आहे आणि दुसरा पुल्लिंगी. हे कुणी बैठक घेऊन ठरवलेलं नाही. टाचणी, सुई, खुंटी या मंडळींत जाऊन बसली म्हणून ती पिन 'ती' झाली. आणि बँकेचा किंवा पोस्टाचा पिन म्हणजे मुळात नंबर किंवा कोड, म्हणून तो 'तो' राहिला. इंग्रजीत नामांना असं लिंग नाही. तिथे लिहिताना एक पिन लहान अक्षरांत आणि दुसरा मोठ्या अक्षरांत लिहून सुटका होते. बोलताना मात्र सगळी भिस्त संदर्भावर.

इंग्रजी शब्दकोशात हा तीन अक्षरांचा शब्द काढला की पसारा संपता संपत नाही. सुतारकाम, शिवणकाम, कुस्ती, गोल्फ, बुद्धिबळ, हाडांची शस्त्रक्रिया, हातबॉम्ब, आणि इंग्लंडच्या दारूगुत्त्यातलं साडेचार गॅलन बिअरचं छोटं पिंपसुद्धा. त्यात मोठ्या अक्षरांतले पिन वेगळेच. पण पिंपासारखे एकदोन भरकटलेले अर्थ सोडले तर या शब्दाला एक काम नेमून दिलेलं दिसतं: सुटू पाहणाऱ्या गोष्टीला जागेवर धरून ठेवणं. गंमत अशी की, ज्या संक्षेपांचं या शब्दाशी काडीचंही नातं नाही, त्यांतले सर्वांत यशस्वी दोन नेमकं हेच काम करताना सापडतात.

जुन्या इंग्रजीतली पिन लाकडी होती. खुंटी किंवा मेख. बहुतेक अभ्यासक तिचा संबंध लॅटिनमधल्या 'पिन्ना' या पीस, पंख, टोक अशा अर्थांच्या शब्दाशी जोडतात. लिहिण्याचं पेन तर 'पेन्ना' म्हणजे पिसापासूनच आलेलं. म्हणजे शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन आणि त्याच खिशावर टोचलेली बिल्ल्याची पिन यांचं दूरचं भाऊबंदकीचं नातं असण्याची बरीच शक्यता आहे. गाडीचं चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला जो खिळा घालतात, त्याला इंग्रजीत लिंचपिन म्हणतात. तो खिळा बोटाएवढा असतो, पण तो निघाला की बैल, गाडी आणि गाडीवान तिघंही रस्त्यावर. म्हणूनच ज्याच्यावाचून सगळा कारभार कोसळेल अशा माणसालाही इंग्रजीत तेच नाव आहे.

लाकडाची जागा धातूने घेतली आणि पिन बारीक झाली. आज टाचणी म्हणजे हरवली तरी कुणी शोधत नाही अशी वस्तू. पण युरोपात काही शतकं ती बायकांच्या कपड्यांचा कणा होती. ओढण्या, गळपट्ट्या, झग्याचे भाग बटणांनी जोडलेले नसत. रोज सकाळी ते अंगावर टाचले जात. श्रीमंत घरांतल्या लग्नाच्या करारांत नवऱ्याने बायकोला स्वतःच्या खर्चासाठी दरवर्षी किती रक्कम द्यायची हे लिहिलेलं असे, आणि त्या रकमेला 'पिन मनी' म्हणत. तेव्हा ती बऱ्यापैकी मोठी असू शके. टाचण्या स्वस्त होत गेल्या तशी या शब्दाचीही किंमत उतरली आणि आता पिन मनी म्हणजे किरकोळ कमाई.

त्या स्वस्त कशा झाल्या, याचं उत्तर अर्थशास्त्राच्या एका प्रसिद्ध पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आहे. ॲडम स्मिथचं 'वेल्थ ऑफ नेशन्स' १७७६ साली प्रसिद्ध झालं. राष्ट्रांच्या संपत्तीचं कोडं उलगडायला निघालेला हा स्कॉटिश प्राध्यापक सुरुवात करतो ती खाणी, जहाजं किंवा सोन्यापासून नाही, तर टाचण्यांच्या कारखान्यापासून. टाचणी करायची म्हणजे काय? एक जण तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा कापतो, चौथा टोक काढतो, पाचवा डोकं बसावं म्हणून वरचं टोक घासतो. डोकं ही तेव्हा वेगळी वस्तू होती. ते बनवायलाच दोनतीन कामं लागत आणि ते तारेवर बसवणं हे आणखी एक काम. मग टाचणीला पांढरी झळाळी द्यायची, आणि शेवटी कागदात ओळीने टोचून ठेवायची, हाही एक स्वतंत्र धंदाच. स्मिथच्या हिशेबाने अशी एकंदर सुमारे १८ कामं. त्याने पाहिलेल्या एका छोट्या कारखान्यात अवघी १० माणसं होती, त्यामुळे काहींना दोनतीन कामं करावी लागत. तरीही ती दहा जणं दिवसाला ४८,००० टाचण्या काढत, माणशी ४,८००. यातल्या एकानेच सगळं करायचं म्हटलं असतं तर दिवसाला २० नक्कीच झाल्या नसत्या, कदाचित एकही नाही, असं स्मिथचं म्हणणं.

१८ हा आकडा स्मिथच्या आधीही छापून आला होता. फ्रान्समध्ये दिदरोने संपादित केलेल्या विश्वकोशात १७५५ साली टाचणीवर एक भलामोठा लेख आला आणि त्यातही टाचणीच्या १८ क्रिया मोजल्या होत्या. तेव्हा श्रमविभागणीचं हे उदाहरण स्मिथने स्वतःच्या डोळ्यांनी जितकं पाहिलं, तितकंच वाचूनही घेतलं असावं. पण ते त्याच्याच नावावर चिकटलं, इतकं की २००७ साली निघालेल्या इंग्लंडच्या २० पौंडांच्या नोटेवर त्याच्या चेहऱ्याशेजारी टाचण्यांचा कारखाना छापला गेला. ही नोट २०२२पर्यंत चालली. नोटेवर जे आलं नाही तेही सांगायला हवं. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागात स्मिथ म्हणतो की, ज्याचं सगळं आयुष्य अशी एकदोन सोपी कामं करण्यात जातं, त्याला डोकं चालवायची वेळच येत नाही आणि तो हळूहळू मठ्ठ होत जातो. श्रमविभागणीचे गोडवे गाणाऱ्यांच्या भाषणांत पहिलं प्रकरण हटकून येतं, हा शेवटचा भाग क्वचितच.

सेफ्टी पिनची गोष्ट याच्या अगदी उलटी. तिथे एकच माणूस आणि एकच तार. न्यूयॉर्कचा वॉल्टर हंट हा हरहुन्नरी कारागीर कायम पैशाच्या ओढाताणीत असे. १५ डॉलरचं देणं फेडायचं म्हणून तो तारेशी चाळा करत बसला आणि काही तासांत सेफ्टी पिन तयार झाली, असं सांगतात. १० एप्रिल १८४९ रोजी त्याला तिचं पेटंट मिळालं आणि त्याचे हक्क त्याने ४०० डॉलरला विकून टाकले. कपड्याला अडकवायची कडीची पिन तशी जुनीच. रोमन लोक अंगरख्याला तशी पिन लावत. हंटची करामत होती ती एका टोकाला तारेला दिलेल्या वेटोळ्यात आणि दुसऱ्या टोकाच्या टोपणात. वेटोळं स्प्रिंगचं काम करतं, टोपण बोट वाचवतं. हाच हंट त्याआधी शिलाई मशीनही करून बसला होता. पण शिवणकामावर पोट भरणाऱ्या बायकांचं काय होईल, या विचाराने त्याने तेव्हा पेटंट घेतलं नाही, असं म्हणतात. मग ते श्रेय आणि तो पैसा दुसऱ्यांकडे गेला. आपल्याकडे बांगडीत किंवा मंगळसूत्रात दोनचार सेफ्टी पिना अडकवून ठेवणाऱ्या बायका होत्या आणि आहेत. प्रवासात कुणाची चप्पल तुटो, पिशवीचा बंद निघो, की लग्नाच्या मांडवात नऊवारीचा काष्टा सैल होवो, पहिला हात त्या बांगडीकडे जातो.

मराठी घरात पिन शिरली ती अशी अनेक दारांनी. केसांच्या पिनेला आपण 'आकडा' हा स्वतःचा शब्द दिला, कागदांच्या पिनेला 'टाचणी' होतीच, पण स्टेपलरच्या तुकड्यांना मात्र पिनाच म्हटलं. आणि मग स्टोव्हची पिन. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२च्या सुमारास वातीशिवाय, हवेच्या दाबावर चालणारा रॉकेलचा स्टोव्ह बाजारात आणला. प्रायमस हे त्या स्टोव्हचं नाव, आणि आपल्या कितीतरी घरांत पंप मारायच्या कुठल्याही स्टोव्हचं. या स्टोव्हच्या नॉझलचं भोक केसाएवढं. रॉकेलमधल्या काजळीने ते बुजलं की ज्योत पिवळी पडायची, भांड्याचं बूड काळं व्हायचं. मग पत्र्याच्या पट्टीला लावलेली एक बारीक तार त्या भोकात घालून काढायची. हे 'पिन मारणं'. पिन जरा तिरकी गेली की तार आत तुटायची आणि त्या वेळचा स्वयंपाक शेजारणीच्या स्टोव्हवर. या पिनेचं काम मात्र धरून ठेवण्याचं नव्हे. अडलेलं मोकळं करायचं. नियमाला अपवाद म्हणून तिला इथे मानाचं पान.

कुणाला टोचेल असं बोलण्यालाही मराठीत 'पिन मारणं' म्हणतात. सासूने सुनेला, सहकाऱ्याने सहकाऱ्याला, विरोधकाने मंत्र्याला. टोमणा मारण्यापेक्षा हे काम बारीक असतं. रक्त येत नाही, पण दिवसभर हुळहुळतं.

'पिन अडकणं' ही दुसरी मराठी देणगी ग्रामोफोनची. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या. त्यांच्या खाचांतून फिरायची ती पोलादी सुई, तिला आपल्याकडे सर्रास पिन म्हणत. ही पिन मुद्दामच फारशी टणक नसे. लाखेच्या मिश्रणात भुकटी घातलेली असायची, ती पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करायची. म्हणजे झिजायची ती पिन, तबकडी नव्हे. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन लावा, असं कंपन्या बजावत, आणि पिनांच्या पत्र्याच्या डब्या विकत. काटकसरी घरांत एकेक पिन पुन्हापुन्हा वापरली जायची, ते अर्थातच तबकडीच्या जिवावर. खाच बिघडली की पिन तिथल्या तिथे फिरत राहायची आणि गायिका एकाच तानेवर घोटाळायची. ग्रामोफोन माळ्यावर गेला, त्यालाही जमाना झाला; पण तेच ते बोलणाऱ्याची पिन अजून अडकतेच. ज्यांनी तबकडी डोळ्यांनी पाहिलेली नाही, ती मुलंही हे बिनदिक्कत म्हणतात.

विजेच्या पिनांविषयी थोडं. थ्री-पिन प्लगमधली वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ती अर्थिंगची. लांब अशासाठी की, प्लग खोचताना सर्वांत आधी जमिनीशी जोडणी व्हावी आणि काढताना ती सर्वांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी की, ती चुकूनही विजेच्या भोकात शिरू नये. फोनच्या चार्जरला 'बारीक पिन' आणि 'जाडी पिन' ही नावं दुकानदारांनी दिली. आता त्या टोकाला पिनेचा आकारच उरला नाही, ते चपटं झालं, तरी गिऱ्हाईक 'सी पिन द्या' असंच मागतं.

बुद्धिबळात राजा आणि शत्रूचा उंट यांच्यामध्ये आपला घोडा सापडला, तर तो हलू शकत नाही. हलला तर राजाला शह बसतो. असा घोडा 'पिन झाला' म्हणतात. कुस्तीत पाठ जमिनीला टेकवून धरणं हीसुद्धा पिन. अस्थिरोगतज्ज्ञ मोडलेल्या हाडाचे तुकडे जुळवून त्यांतून जी सळई घालतात, तीही पिनच. आणि हातबॉम्बची पिन तर दांडा दाबून धरण्यासाठीच असते. सिनेमातला नायक ती दातांनी उपसतो, प्रत्यक्षात असं करायला गेलं तर बहुधा दातच निघून येईल.

वनस्पतिशास्त्रातल्या दोन पिनांसाठी मात्र थांबायला हवं. इंग्लंडच्या बागांत प्रिमरोझ नावाचं पिवळसर फूल असतं. त्याच्या काही झाडांच्या फुलांत मधोमध हिरवट टाचणीचं डोकं दिसतं. ते परागकण घेणाऱ्या लांब दांड्याचं टोक. उरलेल्या झाडांच्या फुलांत तो दांडा आखूड राहून खाली लपतो आणि तोंडाशी पुंकेसरांचा झुबका दिसतो. माळ्यांनी पहिल्यांना 'पिन' आणि दुसऱ्यांना 'थ्रम' अशी नावं कधीच देऊन ठेवली होती. थ्रम म्हणजे मागावरून कापड काढल्यावर उरणाऱ्या दशा. माळी नाव देऊन मोकळे झाले. हे असं का, हा प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला. त्याने दोन्ही तऱ्हांची फुलं एकमेकांशी आणि आपापसांत फळवून बिया मोजल्या आणि १८६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: पिन आणि थ्रम यांच्या मेळातून भरपूर बी धरतं, पिन-पिन किंवा थ्रम-थ्रम यांतून कमी. मधमाशीच्या अंगावर थ्रमचे पराग जिथे लागतात, तिथेच नेमकं पिनच्या दांड्याचं डोकं टेकतं, आणि याच्या उलटही होतं. सगळी रचना परक्याशी संग घडवण्यासाठी. या फुलांचं कोडं सुटल्याचा आनंद आपल्याला इतर कुठल्याही छोट्या शोधापेक्षा जास्त झाला, अशा अर्थाचं डार्विनने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, आणि हा माणूस गांडुळांवरही जीव टाकणारा होता.

दुसरी पिन प्रयोगशाळेतली. अराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं तण जगभरचे शास्त्रज्ञ प्रयोगांसाठी वाढवतात. त्याच्या एका बिघडलेल्या वाणाला फुलंच येईनात. नुसता नागडा, टोकदार दांडा वर यायचा. जपानी संशोधकांनी १९९१ साली दाखवलं की, वाढीचं संप्रेरक ऑक्सिन या रोपात नीट वाहतच नाही. दांडा टाचणीसारखा म्हणून त्या जनुकाचं नाव पिन. पण जनुकांची नावं मोठ्या अक्षरांत लिहायची रीत असल्यामुळे कागदावर तो संक्षेपासारखा दिसतो. शब्दाने संक्षेपाचा वेश घेतला तो असा. याउलट पिन डायोडमधली तीन अक्षरं हे खरोखरच तीन थर आहेत: एका बाजूला पी प्रकारचा अर्धवाहक, दुसऱ्या बाजूला एन प्रकारचा आणि मध्ये जवळजवळ निर्भेळ असा आय थर. ऑप्टिकल फायबरमधून आलेला प्रकाश त्या मधल्या थरात शोषला जातो आणि त्याची वीज होते. आपल्या घरी इंटरनेट पोचवण्याच्या कामात अशा डायोडांचा वाटा मोठा आहे, पण नावावरून तिथे टाचणी शोधू नये. प्रोस्टेटच्या तपासणीच्या अहवालातला पिन आणखी वेगळा. ती पेशींतल्या एका बदलाच्या लांबलचक लॅटिन-ग्रीक नावाची आद्याक्षरं. अहवाल हातात घेऊन घाबरलेल्या माणसाने तो अर्थ शोधयंत्राला न विचारता डॉक्टरांना विचारावा.

आता ज्याच्यावाचून दिवस जात नाही, तो बँकेचा पिन. जॉन शेफर्ड-बॅरन हा स्कॉटिश गृहस्थ जन्मला आपल्या शिलाँगमध्ये, १९२५ साली. बँक बंद झाल्यावर पैसे मिळेनात या वैतागातून, चॉकलेट देणाऱ्या यंत्रासारखं पैसे देणारं यंत्र का नसावं, असं त्याच्या मनात आलं. २७ जून १९६७ रोजी लंडनमधल्या एनफील्ड इथे बार्कलेज बँकेने त्याचं यंत्र सुरू केलं. ओळख पटवायच्या पिनमध्ये आकडे किती असावेत? तो स्वतः सैन्यात होता, सहा आकडी क्रमांक त्याच्या डोक्यात पक्का होता, म्हणून त्याचा विचार सहाचा होता. बायको कॅरोलाइन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी म्हणाली की, तिला चारच लक्षात राहतात. म्हणून चार. ही हकिगत त्यानेच सांगितलेली. खरं श्रेय कुणाचं, यावर मात्र वाद आहे, कारण आकडे टाइप करून ओळख पटवण्याच्या पद्धतीचं पेटंट जेम्स गुडफेलो या दुसऱ्या स्कॉटिश अभियंत्याने १९६६ सालीच दाखल केलं होतं. शेफर्ड-बॅरनने पेटंट घेतलंच नाही. घेतलं तर आपली युक्ती चोरांना कळेल, असं त्याचं म्हणणं. भारतात पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत आलं, एचएसबीसी बँकेचं.

चार आकड्यांचे पिन होतात फक्त १०,०००. कुलूप म्हणून हे फारच तोकडं. खरी राखण करतो तो दुसराच नियम: तीनदा चुकला की कार्ड बंद. सगळ्यांनी पिन खरोखर अंदाधुंद निवडले असते, तर तीन प्रयत्नांत चोराला यश मिळायची शक्यता १०,०००त ३. पण माणूस अंदाधुंद काही निवडू शकत नाही. फुटलेल्या पासवर्डांच्या साठ्यांतले चार आकडी पासवर्ड वेचून २०१२ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात एकट्या १२३४चा वाटा सुमारे ११ टक्के निघाला. त्याखालोखाल ११११ आणि ००००. ते बँकेचे पिन नव्हते, हे खरं. पण बँकेत गेल्यावर माणसाचा स्वभाव बदलत असेल, असं मानायला आधार नाही. यूपीआय आल्यापासून पिन एटीएमच्या काचेच्या खोलीतून बाहेर पडला आणि भाजीच्या गाडीशी उभा राहिला. त्यासोबत एक नवी फसवणूकही आली: 'पैसे जमा करतोय, पिन टाका.' यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे जाताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे येताना लागत नाही.

बँकेचा पिन माणसाला खात्याशी जोडतो; पोस्टाचा पिन गावाला नकाशाशी. नकाशावर टाचणी टोचून जागा दाखवायची पद्धत जुनीच. गूगलच्या नकाशावरची ती लाल, उलट्या थेंबासारखी पिन येन्स रासमुसेन या डॅनिश माणसाने २००५ साली काढली आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली. पण त्याच्या ३३ वर्षं आधी भारताच्या टपाल खात्याने नेमकं तेच काम आकड्यांनी केलं होतं, आणि करणारा माणूस संस्कृतचा कवी होता.

श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि डाक-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य. संस्कृतात त्यांनी काव्यं आणि नाटकं लिहिली. टपालाची अडचण त्यांच्यासमोर होती ती अशी: एकाच नावाची गावं ढिगाने. वडगाव म्हटलं तर कुठलं, पिंपळगाव म्हटलं तर कितवं? औरंगाबाद महाराष्ट्रात होतं, तसंच बिहारातही. शिवाय पत्ते लिहिले जाणार डझनभर लिप्यांत, आणि कोलकात्याच्या टपालछाटणीत बसलेल्या माणसाने मोडीच्या वळणाचं मराठी वाचावं अशी अपेक्षा कशी करायची? आकडे मात्र सगळ्यांना वाचता येतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन सुरू झाला. देशाचे आठ भौगोलिक विभाग आणि नववा सैन्याचा. पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन मिळून पोटविभाग, तिसरा छाटणीचा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि नंतर वेगळं झालेलं छत्तीसगड. ४० ते ४४ आपले, त्यातच ४०३ गोव्याचा, कारण टपाल खात्याच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र मंडळात येतो.

यातला मला सर्वांत आवडणारा शहाणपणा शेवटच्या आकड्यांत आहे. मोठ्या शहरांत त्याआधीच भागांना क्रमांक होते. पत्रावर 'मुंबई ४' लिहिलं की गिरगाव, 'पुणे ३०' म्हटलं की सदाशिव पेठ. नवी पद्धत आणताना हे क्रमांक पुसले नाहीत. पुढे तीन आकडे आणि शून्यं जोडून मुंबई ४चं ४०० ००४ झालं आणि पुणे ३०चं ४११ ०३०. लोकांना नवं काही पाठ करावंच लागलं नाही. लग्नपत्रिकेवर अजून 'पुणे ३०' छापणारी घरं आहेत आणि त्या पत्त्यावर पत्रही पोचतं. सरकारी सुधारणा अशी गुपचूप अंगवळणी पडल्याची उदाहरणं फार नाहीत.

आता राहिला तो 'पिन कोड' आणि 'पिन नंबर'चा तंटा. पिनमधला एन म्हणजेच नंबर, मग पुन्हा नंबर कशाला, असं शुद्धतावादी इंग्रजीतही म्हणतात आणि मराठीतही. 'एटीएम मशीन'वरही त्यांचा तोच राग. मला हा राग पटत नाही. पत्त्याचा पिन आणि पैशाचा पिन दोन्ही पुल्लिंगी, दोन्ही आकडी, आणि आता तर यूपीआयचा पिनही सहा आकड्यांचा असू शकतो. इथे लिंग उपयोगी पडत नाही. एकाच खरेदीत दोन्ही टाकावे लागण्याच्या काळात 'पिन कोड' म्हटलं की पोस्ट आणि 'पिन नंबर' म्हटलं की बँक, अशी वाटणी बोलणाऱ्यांनी आपणच करून टाकली. आणि यातला एक जगजाहीर करायचा असतो, दुसरा कुणालाही सांगायचा नसतो. असा फरक जे शेपूट दाखवतं, ते फाजील कसं?

पिनच्या सहा आकड्यांत काही विक्षिप्त रहिवासीही आहेत. शबरीमलेच्या अय्यप्पाला स्वतःचा पिन आहे, ६८९ ७१३, आणि तो वर्षाचे जेमतेम तीन महिने चालतो. अंटार्क्टिकावरचं भारताचं टपाल कार्यालय गोव्याच्या टपाल विभागाला जोडलेलं आहे. एप्रिल २०२४मध्ये तिथल्या भारती तळावर नवी शाखा उघडली, तेव्हा तिला एमएच-१७१८ असा प्रायोगिक पिन मिळाला. पेंग्विनांच्या शेजारचं टपाल महाराष्ट्राच्या आद्याक्षरांवर चालतं, हे बऱ्याच मराठी माणसांना ठाऊक नसतं.

सहा आकडे पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात. तिथून पुढे पोस्टमन. पार्सलं पोचवणाऱ्या नव्या मुलांना गल्ली, चाळ, 'मारुतीच्या देवळामागे' हे सगळं पाठ नसतं, म्हणून ते फोन करत राहतात. यावर टपाल खात्याने मे २०२५मध्ये डिजिपिन आणला, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राच्या मदतीने. सारा देश साधारण ४ मीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनांत कापला आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा चिन्हांचं नाव आहे. आधी देशाचे १६ भाग, मग त्यातल्या प्रत्येकाचे १६, असं दहा वेळा. जुना सहा आकडी पिन त्यामुळे रद्द झालेला नाही. दोन्ही सोबत चालायचे आहेत. या कामासाठी २ ते ९ हे आकडे आणि आठ इंग्रजी अक्षरं निवडली. शून्य आणि एक वगळले, स्वरही घेतले नाहीत. त्या अक्षरांत पी आहे. आय आणि एन नाहीत, म्हणजे डिजिपिनमध्ये खुद्द 'पिन' मात्र लिहिता येत नाही.